मावांच्या यंत्रातली दोनशे बारा ठिकाणे

२०२५च्या दिवाळीत माळ्याची साफसफाई करताना मावांची लोखंडी ट्रंक खाली उतरवली. मावा म्हणजे माझे सासरे. मी माहेरची मराठी, दिले कन्नड घरात. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांना 'मावा' म्हणायचे हे ऐकून मला आधी पेढेच आठवले होते. पुढे तोच शब्द तोंडात बसला. मावांना जाऊन आता चार वर्षे झाली. ते कन्नड शाळेत मास्तर होते आणि निवृत्तीनंतरची पंधरा वर्षे त्यांनी एकच छंद केला. खानापूर, बैलहोंगल, हुक्केरी, सौंदत्ती ह्या भागांतली खेडी पालथी घालून वीरगळ, सतीशिळा, शिलालेखाचे तुकडे आणि जुन्या विहिरी शोधायच्या आणि त्यांची नोंद ठेवायची.

ट्रंकेत त्यांच्या चार वह्या होत्या, आणि एका बनियनमध्ये गुंडाळलेले ते पिवळे यंत्र. गार्मिनचे ई-ट्रेक्स. हातात मावेल एवढे, दोन पेन्सिल सेलवर चालणारे, आकाशातल्या उपग्रहांवरून आपण कुठे उभे आहोत ते सांगणारे. अमेरिकेतल्या दिरांनी २००३ साली पाठवले होते. आज प्रत्येकाच्या फोनमध्ये ही सोय आहे, म्हणून त्याचे काही वाटत नाही. पण तेव्हा खेड्यातली पोरे मावांच्या मागे मागे फिरत. आणखी एक योग असा की २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका सामान्यांच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. ती मिसळण २००० साली बंद झाली. त्यामुळे २००३ सालच्या छोट्या यंत्रानेही उघड्या माळावर जागा दहा-पंधरा मीटरच्या आत सापडे.

मावांची पद्धत साधी होती. वीरगळापाशी उभे राहायचे, यंत्रात ती जागा साठवायची आणि वहीत कन्नडमध्ये वर्णन लिहायचे. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या पट्टीत शिवलिंगाची पूजा. उंची किती, कुठली बाजू झिजली आहे, गावकरी त्याला काय म्हणतात. (आपण मराठीत वीरगळ म्हणतो त्यातला 'गळ' हा कन्नडचा कल्लु, म्हणजे दगड, हे मला त्यांनीच सांगितले.) वर्णनाच्या शेवटी फक्त यंत्रातले नाव असे: व्ही १४, एस ३, बी २२. अक्षांश-रेखांश वहीत कुठेच नाहीत. आकडे यंत्रात, अर्थ वहीत. एक हरवले की दुसरे निराधार. एक प्रत त्यांनी जुन्या संगणकात उतरवली होती, पण २०१४ साली त्याची हार्ड डिस्क गेली आणि प्रतही गेली. मावा म्हणाले होते, "यंत्रात आहे की!" आणि विषय संपला होता.

आता तो पुन्हा निघाला त्याला कारण होते. मी कॉलेजात इतिहास शिकवते. खानापूर तालुक्यातल्या एका गावात रस्ता रुंद करताना तीन वीरगळ उपटून देवळाच्या आवारात आणून टाकले होते. माझ्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी तेच गाव घेतले. गावकऱ्यांची दगड पुन्हा नीट उभे करायची तयारी आहे, पण ते मुळात होते कुठे यावर दोन गल्ल्यांचे एकमत नाही. एक गल्ली म्हणते तळ्याच्या बांधावर, दुसरी म्हणते वेशीपाशी. दोन्ही जागांत तीनेकशे मीटरचे अंतर. मावांच्या दुसऱ्या वहीत त्या तिन्ही दगडांचे वर्णन आहे, पण जागेविषयी एवढेच: "बाभळीखाली. व्ही ६१, ६२, ६३." बाभूळ आता दोन्हीकडे नाही.

तुम्ही विचाराल, यंत्र सुरू करून पडद्यावरचे आकडे लिहून का घेतले नाहीत? सेल घातल्यावर यंत्र झटकन सुरू झाले आणि नोंदी शाबूत होत्या. ह्या यंत्रातल्या नोंदी सेल काढले तरी पुसल्या जात नाहीत. पण हलशीच्या देवळाच्या पायऱ्यांवर एकदा ते पडले होते तेव्हापासून पडद्याची उजवी बाजू शाई सांडल्यासारखी काळी आहे. प्रत्येक आकड्याचे शेवटचे दोन-तीन अंक त्या काळ्या डागाखाली. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५० मीटर आणि त्याचा दशांश १८५ मीटर. म्हणजे गाव कळते. बांध की वेस, ते कळत नाही. यंत्राच्या पोटातून आकडे बाहेर काढायचे तर वायरीनेच.

वायर ट्रंकेतच होती. तिचे एक टोक यंत्राच्या पाठीवरच्या रबरी झाकणाखाली बसणारे, चार टिकल्यांचे. दुसरे टोक नऊ पिनांचे, इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचे. ह्या नऊ पिनांच्या तोंडाला सीरियल पोर्ट म्हणतात. त्याची रीत १९६० साली अमेरिकेत ठरली, टेलिप्रिंटर आणि मोडेम जोडण्यासाठी, आणि आरएस-२३२ हे तिचे नाव. जुन्या प्रत्येक संगणकाच्या पाठीमागे हे तोंड असे. १९९६ साली यूएसबी आली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत लॅपटॉपवरून नऊ पिना गेल्या. मात्र त्यांना जोडायची यंत्रे कुठेच गेली नाहीत. आपल्याकडच्या दूध संकलन केंद्रावरचे फॅट मोजायचे यंत्र बघा, सराफाचा काटा बघा, उसाच्या गाड्या तोलणारा वजनकाटा बघा. कितीतरी ठिकाणी अजून हीच वायर आहे.

मधला दुवा म्हणून एक छोटी वायर मिळते. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला नऊ पिना. आपल्यासारख्या घरांना तिचे काम समजावून सांगायला नको. माझी आई आणि अत्ते (सासूबाई) समोरासमोर बसल्या की मध्ये मी बसते, तसेच ते काम. यूएसबीच्या घरात शिरणाऱ्या प्रत्येकाला आधी 'तू कोण?' असे विचारले जाते. नाव-गाव सांगितल्याशिवाय प्रवेश नाही. सीरियलच्या घरात कोणी काही विचारत नाही, वायरीवर वीज वर-खाली होते तीच भाषा. छोट्या वायरीच्या डोक्यात एक चिप असते, ती दुभाष्याचे काम करते. आणि त्या चिपशी कसे बोलायचे हे संगणकाला शिकवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. आमची सगळी रड ह्या ड्रायव्हरची होती, पण हे कळायला चार संध्याकाळी गेल्या.

मावांनी ती छोटी वायर २०१० साली गावातल्याच एका दुकानातून घेतली होती आणि ती आमच्या विंडोज एक्सपीच्या संगणकावर बिनबोभाट चालत असे. यजमानांनी ती विंडोज ११च्या नव्या लॅपटॉपला लावली. 'टुंग' असा आवाज आला, म्हणजे काहीतरी लागले हे लॅपटॉपला समजले. पुढे काही नाही. "यंत्र गेले," यजमान म्हणाले. शेजारचे इंजिनियर म्हणाले, "वीस वर्षांपूर्वीचे आहे, आता कसले चालते!" यंत्र जुने म्हणून दोषही यंत्राचाच, असे सगळ्यांनी धरून टाकले. मी तर आणखी घोटाळा केला. 'सर्व ड्रायव्हर शोधून देतो' म्हणणारा एक प्रोग्राम उतरवून घेतला. त्याने लॅपटॉपमध्ये अठ्ठावीस दोष काढले आणि ते दुरुस्त करायला पैसे मागितले. तो काढून टाकायलाच एक संध्याकाळ गेली. वाचकहो, ड्रायव्हर घ्यायचा तर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या जागेवरून घ्यावा, वाटेवरच्या दलालाकडून घेऊ नये.

मग नणंदेचा मुलगा बंगळूरहून दिवाळीला आला. हा तिकडे संगणकाच्याच कामात आहे, पण त्याच्या पिढीने नऊ पिनांचे तोंड क्वचितच पाहिलेले. तरी त्याला एक गोष्ट माहीत होती, जी आम्हाला नव्हती. "मामी, यंत्र बाजूला ठेवा. आधी नुसती वायर तपासू."

त्याने डिव्हाइस मॅनेजर उघडला. स्टार्टच्या चिन्हावर उजवी कळ दाबली की यादीत हे नाव दिसते. त्यात 'पोर्ट्स' ह्या शीर्षकाखाली आमची वायर होती आणि तिच्यावर पिवळा त्रिकोण. उघडून पाहिले तर तिथे लिहिले होते की हे साधन सुरू होऊ शकत नाही, कोड १०. म्हणजे घंटा वाजली होती, दारही उघडले होते, पण पाहुण्याला उंबऱ्यावरच थांबवले होते. गार्मिनचा यात काही संबंधच नव्हता. ते तर जोडलेलेही नव्हते!

त्याच खिडकीत 'डिटेल्स'मध्ये जाऊन 'हार्डवेअर आयडीज' निवडले की चिपचे नाव-गाव दिसते. व्हीआयडी म्हणजे कंपनीचा क्रमांक, पीआयडी म्हणजे मालाचा. बाजारात मुख्य चार घराणी आहेत. ०४०३ असेल तर स्कॉटलंडची एफटीडीआय. ०६७बी असेल तर तैवानची प्रोलिफिक. १०सी४ म्हणजे अमेरिकेची सिलिकॉन लॅब्ज. आणि १ए८६ म्हणजे चीनची डब्ल्यूसीएच, जिची सीएच-३४० ही चिप आज स्वस्त वायरींत सर्रास असते. वायरीच्या पाकिटावर काहीही छापलेले असो, ड्रायव्हर ह्या क्रमांकाप्रमाणे शोधायचा. दुकानदाराचे नाव टाकून शोधत बसले तर हाती काही लागत नाही.

आमची वायर ह्याच चारांपैकी एका घराण्याची निघाली. नाव सांगत नाही, कारण ती खरी की नकली हे मला आजही ठाऊक नाही. ह्या चिपांच्या नकला इतक्या निघाल्या की त्यांचे क्रमांकही असलीसारखेच असतात. त्याला कंटाळून काही कंपन्यांनी नव्या ड्रायव्हरमध्ये तपासणी घातली आहे. संशय आला की ड्रायव्हर काम करायला नकार देतो. कधी कधी कंपनीने बंद केलेली जुनी असली चिपही त्याच फटक्यात सापडते.

ह्या भांडणाचा कळस २०१४च्या ऑक्टोबरात झाला होता, तो किस्सा भाच्याने सांगितला. एफटीडीआयचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून लोकांच्या संगणकांत आपोआप गेला. नकली चिप दिसली की तो तिचा पीआयडी पुसून शून्य करायचा. मग ती वायर त्या संगणकावर तर नाहीच, पण दुसऱ्या कुठल्याही संगणकावर ओळखली जाईना. ज्यांना आपली चिप नकली आहे याची कल्पनाही नव्हती त्यांची चालती यंत्रे एका रात्रीत बंद पडली. फार ओरड झाली आणि तो ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून मागे घेतला गेला. २०१६च्या आवृत्तीने पुसापुशी सोडली. त्याऐवजी नकली चिपमधून 'नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड' असे शब्द बाहेर पडू लागले. चोरी कंपनीची झाली हे खरेच, पण शिक्षा चोराला न होता माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाला झाली, असे माझे मत. असो.

आमच्यावर उपाय सोपा होता: तपासणी नसलेला जुना ड्रायव्हर. आणि तो घरातच होता! वायरीच्या पाकिटात तळहाताएवढी एक छोटी सीडी होती, मावांनी जपून ठेवलेली. नव्या लॅपटॉपला सीडीचे तोंड नाही, म्हणून दिवाळीच्या सुटीतही कॉलेजच्या ऑफिसात जाऊन तिथल्या जुन्या संगणकावरून ती पेनड्राइव्हवर उतरवली. शिपाईमामांनी कुलूप उघडताना विचारलेसुद्धा, "मॅडम, सुट्टीत कसलं एवढं काम?"

ड्रायव्हर बसवताना मात्र एक खोच आहे, आणि बहुतेक जण तिथेच अडतात. जुना ड्रायव्हर नुसता बसवला तर विंडोज 'माझ्याकडे याहून नवा आहे' म्हणून पुन्हा नवाच लावते. म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या वायरीच्या नावावर उजवी कळ दाबून 'अपडेट ड्रायव्हर' घ्यायचे, मग 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', आणि त्यानंतर 'लेट मी पिक' अशी सुरुवात असलेली ओळ. आता दोन-तीन आवृत्त्यांची यादी तारखांसह समोर येते, त्यातली जुनी आपल्या हाताने निवडायची. आम्ही २००९ सालची निवडली. पिवळा त्रिकोण गेला. पुढे कधी अपडेट होऊन त्रिकोण परत आला तर घाबरायचे नाही, पुन्हा तेच करायचे. आमच्याकडे तो एकदा परत आला आहे.

(लिनक्स असलेला संगणक हाताशी असेल तर ही कटकटच नको. ह्या चारही घराण्यांचे ड्रायव्हर त्याच्या गाभ्यातच असतात आणि ते असली-नकली असा भेद करत बसत नाहीत. फक्त आपले नाव 'डायलआउट' नावाच्या गटात घालून घ्यावे लागते, नाहीतर परवानगी नाकारली असे उत्तर येते.)

त्रिकोण गेला म्हणजे वायर चालली असे नव्हे. भाच्याने माझ्याकडे केसांची पिन मागितली. नऊ पिनांपैकी दोन नंबरची पिन ऐकण्याची आणि तीन नंबरची बोलण्याची. ह्या दोघी केसांच्या पिनेने एकमेकींना जोडल्या की वायर स्वतःचेच बोलणे स्वतः ऐकते. पुटी नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये पोर्ट उघडला, आणि भाच्याने मला टाइप करायला सांगितले. मी इंग्रजी अक्षरांत बेळगाव लिहिले. पडद्यावर बेळगाव उमटले. पिन काढली आणि पुन्हा लिहिले; काही उमटले नाही. म्हणजे लॅपटॉप, ड्रायव्हर, चिप आणि वायर अशी नऊ पिनांपर्यंतची वाट मोकळी. दोष असलाच तर त्याच्या पलीकडे. ह्या एका चाचणीने अर्धे जंगल साफ होते. माझे सांगणे एवढेच की कुठल्याही जुन्या यंत्राला 'मेले' म्हणण्याआधी ही पाच मिनिटांची पिनेची परीक्षा घ्यावी.

मग गार्मिन जोडले. पाठीवरच्या टिकल्या हिरवट झाल्या होत्या, त्या खोडरबराने घासल्या. आणि पडद्यावर आला कचरा. चौकोन, उलटे प्रश्नचिन्ह, टिंबे, दर सेकंदाला नवी ओळ कचऱ्याची. माझे मन खट्टू झाले, पण भाचा मात्र खूष! "मामी, कचरा येतोय म्हणजे यंत्र बोलतंय. आपण चुकीच्या वेगाने ऐकतोय." सीरियलमध्ये दोन्ही बाजूंनी वेग आधीच ठरवून घ्यावा लागतो. आम्ही ९,६०० धरला होता. ४,८०० केला आणि कचऱ्याच्या जागी स्वच्छ ओळी वाहू लागल्या. डॉलरचे चिन्ह, जीपीआरएमसी ही अक्षरे, आणि पुढे स्वल्पविराम टाकून आकडे. आम्ही खिडकीत बसलो होतो, आकाश दिसत होते. थोड्या वेळाने ओळीत १५५१ आणि ०७४३० असे आकडे आले: १५ अंश ५१ मिनिटे उत्तर, ७४ अंश ३० मिनिटे पूर्व. बेळगाव. आमचीच खिडकी. चार वर्षे बनियनमध्ये झोपलेले यंत्र पहिल्यांदा बोलले ते आमच्या घराचा पत्ताच!

पण हा तर चालू क्षणाचा पत्ता. साठवलेल्या नोंदी अशा वाहत येत नाहीत, त्या मागाव्या लागतात. ते मागण्याची गार्मिनची स्वतःची वेगळी रीत आहे, आणि यंत्र त्या रीतीवर नव्हते. सेटिंगमध्ये 'इंटरफेस' म्हणून जागा आहे, तिथे 'गार्मिन'ऐवजी 'एनएमईए' असे होते. हे कोणी बदलले असेल? मावांना असल्या जागी हात लावायची भीती वाटे. तेवढ्यात भाचा लाजला. २०१० साली बारा वर्षांचा असताना त्यानेच ते बदलले होते. गाडीतून गोव्याला जाताना लॅपटॉपच्या नकाशावर टिंब चालताना दिसावे म्हणून! त्या टिंबाच्या नादात अज्जाचे यंत्र पंधरा वर्षे चुकीच्या रीतीवर राहिले. अत्ते म्हणाल्या, "तुज्या अज्जाला सांगितलं असतंस तर रागावले नसते."

काळ्या पडद्यातून चाचपडत ती जागा बदलली. अजून एक अडचण निघाली. विंडोजने आमच्या पोर्टला १७ नंबर दिला होता आणि मावांच्या सीडीवरचा नकाशांचा जुना प्रोग्राम एक आकडी नंबरच ओळखत होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या 'अॅडव्हान्स्ड'मध्ये जाऊन नंबर ३ केला, पण तो प्रोग्राम तरीही रुसलेलाच राहिला, म्हणून त्याचा नाद सोडला. जीपीएसबेबल नावाचा फुकट प्रोग्राम आहे. त्याला यंत्र गार्मिन, पोर्ट तीन, एवढे सांगितले आणि भाचा थांबला. यंत्राच्या पडद्यावर काहीतरी सरकत होते. मला वाटले पुन्हा काही बिनसले. अर्ध्या मिनिटाने तो ओरडला, "अज्जी, बंतु! बंतु!"

दोनशे बारा ठिकाणे आली होती.

तेवढ्याच रात्री फाइलीच्या तीन प्रती केल्या. एक लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, एक भाच्याकडे बंगळूरला. शिवाय सगळे आकडे कागदावर छापून मावांच्या वहीत ठेवले, कारण कागदाला ड्रायव्हर लागत नाही. त्यानंतरचे दोन महिने मी आणि माझ्या दोन विद्यार्थिनी वह्या आणि यादी जुळवतो आहोत. एकीचे घर कन्नड, एकीचे मराठी. मावांचे मोडी वळणाचे कन्नड अक्षर लागले नाही की दोघी अत्तेंकडे पळतात. एकशे ऐंशीच्या वर नोंदी जुळल्या. व्ही ६१, ६२, ६३ तळ्याच्या बांधावर निघाल्या, तिन्ही एका रांगेत. गावाला नकाशा छापून दिला. वेशीकडच्या गल्लीतल्या एका आजोबांनी तो बराच वेळ पाहिला आणि मग म्हणाले की वेशीपाशी होता तो चौथा, तो कधीच फुटला. दगड केव्हा उभे राहतील ते आता पंचायत ठरवेल.

कोणी असा उद्योग करणार असेल तर एक धोका सांगून ठेवते. दुकानात यूएसबीच्याच, पण नऊ पिनांऐवजी चार-सहा उघड्या तारा किंवा काड्या असलेल्या छोट्या पट्ट्या मिळतात, त्या स्वस्त पडतात. त्या तीन किंवा पाच व्होल्टच्या बोर्डांसाठी असतात. नऊ पिनांच्या जुन्या यंत्रात वीज उणे पंधरापासून अधिक पंधरा व्होल्टपर्यंत खेळते. ते तिला जोडले तर पट्टी जळते. दुसरे, काही यंत्रांना सरळ वायर चालते आणि काहींना दोन-तीनची अदलाबदल केलेली लागते. पिनेची परीक्षा पास होऊनही यंत्र गप्प असेल तर आधी ही शंका घ्यावी.

न जुळलेल्या नोंदी तीसेक आहेत. ह्या यंत्रात ठिकाणाचे नाव सहा अक्षरांपेक्षा मोठे देता येत नाही, आणि मावांनी काही नावे इंग्रजी अक्षरांत कन्नड लिहिली आहेत. 'मने' म्हणजे घर, ते आमचेच निघाले. 'केरे' म्हणजे तळे, ते कोणते कोण जाणे. आणि एका ठिकाणाचे नाव सहा अक्षरांत बरोबर बसलेले: 'तवरु'. कन्नडमध्ये तवरु म्हणजे माहेर.

भाच्याने ते आकडे फोनच्या नकाशात टाकले तर टिंब पडले निळ्या पाण्यात. हिडकल धरणात. अत्तेंचे माहेर त्या पाण्याखाली गेले ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, पण तिच्याविषयी कधी बोलणे होत नसे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या पायांचे दगड उघडे पडतात. अशाच एका उन्हाळ्यात मावा एकटे जाऊन आले असणार. वहीत त्याची नोंद नाही. अत्तेंनाही त्यांनी सांगितले नव्हते.

भाच्याने फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि दोन बोटांनी ते टिंब मोठे-लहान करून पाहिले. मग म्हणाल्या, "इल्लि बावि इत्तु. इथे विहीर होती. घर नव्हतं इथं. घर ह्याच्या मागं, चिंचेच्या अंगाला." आणि बोटाने टिंबाच्या थोडे उजवीकडे, पाण्यातच, जागा दाखवली.